बाहेरची कडी

दिवस मावळायचा होता, तरी सखारामभाऊंचं जेवण उरकलं होतं. तुरुंगातली ही सवय सुटून आल्यावरही जात नाही. ताट धुऊन ते भिंतीला पाठ लावून बसले. याच शिस्तीपायी त्यांना शिक्षेत सूट मिळाली होती. सुटलेल्या कैद्यांवर मी आयुष्यभर संशोधन केलं. घर म्हणजे जिथली कडी आतून लावता येते, असं वर्गात शिकवत आले.

मी निघाले, तशी त्यांची बायको पाणी आणायला हंडा-कळशी घेऊन माझ्याबरोबर बाहेर पडली.

“ताई, माझे हात गुंतलेत, तेवढी कडी लावा. बाहेरनं लागल्याशिवाय त्यांचा डोळा लागत नाही.”

मी लावली. इतक्या वर्षांत माझ्या हातून त्यांच्या उपयोगी पडलं ते एवढंच.