गोट्याला देठ

"अगे पद्मा, हे नदी," माझे साहेब गणपतराव सार म्हणाले आणि त्यांनी कोअर बॉक्समधल्या दगडावर टिचकी मारली. "गोटे बघ, कसे गोल गोल. नदीवांचून गोटा गोल होतो काय?"

शेजारी बसलेल्या सेल्वमनी मान डोलावली. ते आमचे क्लायंट. इथून, तंजावरहून, काही तासांवरच्या एका टेकडीखाली त्यांना जस्त आणि शिसं लागलं होतं. लायसन्स त्यांचं, भोक पाडायचं यंत्र, म्हणजे रिगही त्यांनीच आणलेली. परवानगीतलं एकच बोअरहोल उरलं होतं आणि ते कुठे मारायचं हे आम्हा भूवैज्ञानिकांच्या ऑफिसने सांगायचं होतं.

बोअरहोल मारताना जमिनीतून दगडाची लांब कांडी निघते. तिला कोअर म्हणतात. या कोअरमध्ये चकचकीत राखाडी धातूखनिज होतं आणि त्यात लाडवात बेदाणे असावेत तसे गोटे. सारांचा निष्कर्ष असा की हे जुनं नदीपात्र, गोट्यांच्या फटीत नंतर धातू साचला. नकाशावर त्यांनी पेन्सिलने नदी काढलीसुद्धा. ती उत्तरेला वळून थेट गावच्या तळ्यात शिरत होती.

"तळं आटत आलंय. पाऊस यायच्या आधी तिथे मारून टाकूं," सार म्हणाले.

"त्या तळ्याचं पाणी लोक पितात, सार. हे सल्फाइड आहे. धातू आणि गंधक एकत्र. त्याच्या चुऱ्याला पाणी आणि हवा लागली की ॲसिड सुटतं. कुणी विचारलंय का गावाला?"

"पंचायतीशी बोलणं चाललंय," सेल्वम म्हणाले.

"बोलणं चाललंय, आणि रिग परवा निघणार!"

"पद्मा," सार म्हणाले, "मला रिपोर्ट पाहिजे. पत्रक नक्को."

हे ते नेहमी म्हणतात. कॉलेजात असताना मी वाटलेली आंदोलनाची पत्रकं त्यांच्याही दारात पडली होती. तरी त्यांनी मला नोकरी दिली. त्यांना तमिळ आणि इंग्रजीच वाचता येतं, मराठी घरात बोलण्यापुरती. म्हणून हे मी देवनागरीत बिनधास्त लिहिते आहे.

पाण्याचा मुद्दा त्यांनी बाजूला सारल्यावर मी दगडाचा मुद्दा धरला. ती नदीच नसेल, तर तळ्याखाली काही मिळणारच नाही.

सारांचा फार दोष नाही. तंजावरात दगड नाही. कितीही खणा, मातीच लागते. मोठ्या देवळाचा दगडसुद्धा बाहेरून आणलेला. सार तिरुवैयारूचे, कावेरीत पोहत वाढलेले. गोल काही दिसलं की त्यांना नदीच आठवते. इडली समोर आली तरी.

"सार, हा खडक पूर्वी जमिनीत फार खोल दाबला गेला. तापला. वितळला नाही, पण बदलला. रूपांतरित खडक म्हणतात तो हाच. त्या उष्णतेत सल्फाइड मऊ पडतं, आजूबाजूचा खडक कडक राहतो. दाब आला की मऊ वाहतं आणि कडकाचे तुकडे मोडून त्यात मळले जातात. घोळून घोळून गोल होतात. जर्मनमध्ये याला नावही आहे."

मी नाव सांगितलं.

"शिवी आहे काय गे?" सारांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी तिरुवैयारूचा अशोका हलवा आणला. तूप सुटलेला, मऊ. त्यात खडीसाखरेचे टोकदार खडे घालून चमच्याने मळला. बऱ्याच वेळाने खडे बाहेर काढले. टोकं गेली होती.

"विरघळलीत गे ती," सार म्हणाले आणि पुरावा खाऊन टाकला. मग बोटं पुसत म्हणाले, "दगडात दाखव. संध्याकाळपर्यंत. दाखवलंस तर तळं सोडतों."

मी कोअर बॉक्सांपाशी जाऊन बसले. कोअर करवतीने उभा कापतात. एक अर्धा तपासणीला जातो, दुसरा आपल्याकडे राहतो. पण पैसा लागतो म्हणून फक्त धातूचाच भाग कापतात. धातू जिथे संपतो आणि बाजूचा खडक सुरू होतो, तो जोडाचा तुकडा आमच्याकडे अख्खाच पडून होता. बाहेरून खरबरीत, चिखलाने माखलेला. मी तो धुतला आणि करवतीखाली धरला.

कापलेला भाग पाहून मी एकटीच हसले.

सार भिंग घेऊन आले. सेल्वमही आले. तुकड्याच्या एका कडेला पट्टेदार खडक होता. त्यातला एक पट्टा धातूत घुसला होता, बारीक होत गेला होता आणि टोकाला त्याचा गोटा झाला होता. गोल, गुळगुळीत, पण अजून तुटलेला नव्हता.

"नदीतल्या गोट्याला देठ असतो का, सार?"

सारांनी तुकडा उलटा केला, सुलटा केला, खिडकीपाशी नेला.

"कत्तरिक्काय," सेल्वम तमिळमध्ये म्हणाले. वांगं.

"वांगंच," सार म्हणाले. "सरि, कबूल. नदी नाही."

त्यांनी स्वतःच रबर घेऊन नकाशावरची नदी पुसली. मग मी माझी बाजू मांडली. हा मुळात धातूचा सपाट थर होता. अंथरूण एका बाजूने लोटलं की घडी पडते, तसा तो दुमडला आणि मऊ धातू घडीच्या वळणात जमा झाला. ते वळण टेकडीच्या पलीकडे जात होतं, सेल्वमच्या लायसन्समधल्या ओसाड माळाखाली. तिथे हातभर नाही, पुरुषभर जाडीचा धातू लागेल, असंही मी जोरात सांगून टाकलं.

रिग माळावर गेली. धातू लागला. हातभर.

"पत्रकात पुरुषभर होता," सार म्हणाले. "मला सगळीकडे नदी दिसते गे, तुला सगळीकडे विजय दिसतो."

सेल्वम मात्र खूश होते. हातभरावर त्यांना पुढची परवानगी मागता येणार होती. त्या अर्जासाठी यावेळी गावाला आधी विचारलं पाहिजे, एवढं वाक्य मी रिपोर्टात घातलं आणि सारांनी ते खोडलं नाही.

तो तुकडा आता सारांच्या टेबलावर असतो. आलेल्या प्रत्येकाला ते दाखवतात आणि "ओळखा बघूं" म्हणतात. तंजावरचे लोक एकजात सांगतात, कावेरीतला गोटा. सार माझ्याकडे न बघता म्हणतात, "देठ बघा, देठ."

पावसात ते तळं काठोकाठ भरलं. त्यात आमचं काहीच पडलेलं नाही.