सोबतीला सिंधूआक्का

सिंधूआक्का कोणालाही भेटल्या की आधी विचारायच्या, "झोप कशी हाय?" नमस्कार नाही, चहापाणी नाही. लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या बापाला त्यांनी हेच विचारलेलं मी स्वतः ऐकलंय. आमच्या विंझर गावात नर्सबाई म्हणून त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर पांढरी साडी सुटली, चौकशा सुटल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी सकाळी चहा घेता घेता त्या गेल्या.

त्यांची-माझी खरी गाठ पडली ती दरडीमुळे. मी टेम्पोवाला. वेल्ह्याकडचा तांदूळ, भाजीपाला पुण्याला पोचवायचा हा माझा धंदा. एके दिवशी घाटात माझ्या पुढच्या टेम्पोवर दरड आली, डोळ्यांदेखत. आतला माणूस वाचला नाही. मला साधं खरचटलंही नाही. पण दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवायला गेलो तर हात लाकडाचा! घामाच्या धारा, छातीत धडधड. महिनाभर टेम्पो दारात उभा. सलाईनच्या दोन बाटल्या झाल्या, देवऋषी झाला, नारळ-लिंबू झालं. ह्याला बाहेरचं लागलंय, असं गाव म्हणायला लागलं.

अशात आक्का न बोलावता घरात शिरल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ह्यो येडा झाला न्हाई. भ्यालाय. त्येला बी डॉक्टर असतोय. उद्या सातच्या एष्टीला तयार ऱ्हा."

मी हबकलोच. ड्रायव्हर माणसाला चारचौघांत भित्रा म्हणायचं म्हणजे काय? डोकं तापलं, पण बाईमाणूस म्हणून उलट बोललो नाही. पण सकाळी पावणेसातलाच थांब्यावर जाऊन उभा राहिलो, हेही खरं.

पुण्याच्या डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी झोपेची गोळी दिली आणि बोलण्यासाठी शेजारच्या खोलीतल्या मॅडमकडे पाठवलं. "तू हो म्होरं, म्या तुझं जरा इचारून येते," म्हणून आक्का डॉक्टरांपाशी मागे राहिल्या. दर खेपेला त्यांचं हेच. माझ्याबद्दल एवढं काय विचारतात ही बाई, म्हणून मला राग यायचा.

मॅडम स्वभावानं गाय. माझं बालपण विचारायच्या, बापाचा मार विचारायच्या. शेवटी, "कसं वाटतंय आता?" मी म्हणायचो, "फरक आहे, मॅडम." दुसरं काय म्हणणार? एवढी शिकलेली बाई आपल्यासाठी तासभर खपते, तिच्या तोंडावर 'काही नाही' म्हणायचं? आमच्याकडं तशी रीत नाही.

सहाव्या खेपेला परत येताना नसरापूरच्या पुढं आक्कांनी विचारलं, "टेम्पो चालू केलास?"

"न्हाई."

"मंग त्या बाईला फरक हाय म्हनून का सांगतोस?"

"त्यास्नी वाईट वाटंल."

आक्का भरल्या एसटीत कडाडल्या, "आरं मुडद्या! तू डॉक्टरचं मन राखाया जातोस का सोताचं?" सगळी गाडी वळून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग आपणच आवाज उतरवून म्हणाल्या, "चप्पल चावली तर बदलतोस का न्हाई? आन् त्या बाई वाईट न्हाईत. पाटलाच्या सुनंला त्यांनीच उभं केलं. तिला बोलाया कुणी नव्हतं. तुझं दुखनं येगळं. हाड मोडल्यावर मलम लावून भागतंय व्हय?"

पुढच्या आठवड्यात जमिनीकडं बघत मॅडमना खरं सांगितलं. वाटलं, हाकलतील आता. तर बाई चक्क खूश! "बरं झालं सांगितलंत. मग तुमच्यासाठी दुसरी पद्धत बघू." आणि त्यांनीच मला एका सरांकडं पाठवलं. उपचार लागू पडत नाही म्हटल्यावर खूश होणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

सरांचा उपचार त्याहून अजब. रोज बंद टेम्पोत बसायचं, बस्स. मग नुसतं इंजिन चालू करायचं. मग फाट्यापर्यंत. मग घाटाच्या पायथ्यापर्यंत. "भीती चढेल, चढू द्या. तुम्ही उतरू नका, तीच उतरेल." आक्का शेजारच्या सीटवर मेथी निवडत बसायच्या. मी लटलट कापतोय आणि ह्यांचं आपलं चाललंय, "बस गुमान. मेथी हुईस्तवर उतरायचं न्हाई."

चार महिन्यांनी मी मालासकट घाट चढलो आणि उतरलो. दरडीच्या जागी हात घामेजला, पण वळला. येताना हॉर्न वाजवत थेट आक्कांच्या दारात.

भरदुपारी घरात अंधार. आक्का भिंतीला टेकून बसलेल्या, केस विस्कटलेले, गॅसवर काही नाही.

"आक्का, घाट झाला!"

"लई ब्येस झालं," त्या म्हणाल्या, पण आवाजात जीवच नव्हता. "माझ्या गोळ्या संपल्यात रं."

"कसल्या गोळ्या?"

"त्याच डॉक्टरच्या. मालक गेल्यापास्नं चालू हायत. तुझ्यामागनं आत ऱ्हायची, ती काय तुझ्यासाठी व्हय?"

मी त्यांच्यासमोर बसलो. "मंग जाऊन आनल्या का न्हाईत?"

"तू बरा झालास. औंदा दुसरं कुणी आजारी न्हाई. कुणाला घिऊन जाऊ?"

माझं डोकंच फिरलं. "मला भरल्या एष्टीत शिव्या घातल्या, आन् तुमी सोता..."

"म्या नर्सबाई हाय. नर्सबाईलाच येड्याच्या गोळ्या म्हनल्यावर गावातलं कोन माझ्यासंगं यील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना टेम्पोत घातलं आणि घाटानं पुण्याला नेलं. दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईनं आक्कांना ओळखलं, हसून कागद पुढं ओढला.

"या आक्का! आज कोणाला आणलंत?"

आक्का माझ्याकडं बघायला लागल्या. 'मलाच' म्हणून मी तोंड उघडलंच होतं. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला सारलं.

"आज म्याच आलीया," आक्का म्हणाल्या, मागच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "लिही माझं नाव."