एस्तेरबाईची रांग

मी एकदा माझ्याच म्हशीच्या दुधात तांब्याभर पाणी घातलं. माप वाढावं म्हणून नव्हे... तेवढी अक्कल असती तर बरंच झालं असतं. घातलं ते एस्तेरबाईची मान खाली जावी म्हणून. महिन्यापूर्वी तिला जुन्नरला माती दिली. तिथली गर्दी पाहिली आणि माझ्या मनात पहिला विचार आला, तो हा, की आपल्या वेळेला ह्याच्या निम्मी तरी माणसं येतील का. सत्तरी उलटली तरी खोड जात नाही म्हणतात, ते असं.

लोणीजवळच्या आमच्या वाडीत दूध डेअरी होती. दोन टेबलं, एकावर मी, दुसऱ्यावर ती. बायका कॅन घेऊन रांगेनं यायच्या. प्रत्येकीचं थोडं दूध उंच भांड्यात घ्यायचं, त्यात काचेची कांडी सोडायची, ती किती बुडते त्यावरून पाणी ओळखायचं. ह्याला आम्ही डिग्री बघणं म्हणायचो. बघून झालं की भांड्यातलं दूध आमच्या किटलीत. डेअरी निघाल्यापासूनची रीत ती. त्यात आमचा चहा व्हायचा, घरी विरजण लागायचं, आणि कुणी कधी हूं की चूं केलं नव्हतं. एस्तेर आली आणि पहिल्याच दिवशी तिनं ते दूध जिचं तिच्या कॅनमध्ये परत ओतलं.

आता ही ख्रिस्ती बाई आपल्याला उपदेश करणार, म्हणून मी पदर खोचून बसले होते. पण ती काहीच बोलेना. कामाला बसण्याआधी पाचेक श्वास डोळे मिटायची, मग भांडं विसळायची, की झाली सुरुवात. शेवटी न राहवून मीच भर रांगेत विचारलं, "का गं, तुमच्या येशूला दूध चालत न्हाई का?"

"चालतं की," ती समोर कॅन घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे बघत म्हणाली. "पन हे शेवंताकाकूंचं हाय."

बायका खो खो हसल्या. माझ्या बोलण्यावर नेहमीच हसायच्या, पण त्या दिवशी हसून झाल्यावर दोघी-तिघी कॅन उचलून तिच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. महिनाभरात तिची रांग दाराबाहेर गेली आणि माझ्या टेबलावर माश्या बसायला लागल्या. माझ्या जिवाची नुसती लाही लाही. ती नटत नव्हती, माझ्याहून चार बुकं जास्त शिकली नव्हती... मग हिच्यात असं काय होतं?

म्हणून ते पाणी. सासूबाईंच्या हाती कॅन दिला आणि मुद्दाम तिच्या रांगेत उभं केलं. दूध घेतलं तर हिचा खरेपणा गेला, परत केलं तर सोबतिणीची अब्रू काढली म्हणून बोंब मारायची. माझ्या मते बेत अगदी बिनतोड होता. एस्तेरनं कांडी सोडली, पाहिली, झाकण लावून कॅन बाजूला ठेवला. गर्दी ओसरल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सिंधूताई, आज डिग्री लागली न्हाई. कॅन मागं ठेवलाय. मी कुनाला बोलले न्हाई."

एवढ्यावर मी गप्प बसायचं की नाही? पण मी सगळी डेअरी डोक्यावर घेतली. म्हटलं, पाणी हिनंच घातलं, माझ्यावर डूख धरून. डेअरीचे सेक्रेटरी धावत आले. त्यांनी तिला विचारलं, "पानी कुनी घातलं मग?"

"ते मी बघितलं न्हाई. दूध पातळ व्हतं, एवढं बघितलं."

सेक्रेटरींनी तिला घरी बसवलं. तिचा नवरा आजारी, घर तिच्या एकटीच्या कामावर चाललेलं. हे मला ठाऊक होतं. दोन दिवस दोन्ही रांगा माझ्याकडे होत्या. बायका तोंडानं काही म्हणत नव्हत्या, फक्त मी भांडं किटलीकडे नेलं की त्यांचे डोळे मागोमाग यायचे. तिसऱ्या सकाळी चुलीपुढं सासूबाई म्हणाल्या, "सिंधे, पानी म्हशीला पाजायचं असतं, दुधाला न्हाई. मी बघितलंय. तू सांगतीस का मी सांगू?"

सांगितलं. रांगेसमोर, उभी राहून. कधी नव्हे ते कुणी हसलं नाही.

एस्तेर दुसऱ्या दिवशी आली. डोळे मिटले, भांडं विसळलं आणि म्हणाली, "लई गर्दी हाय, ताई. निम्मी रांग तुमी घ्या." झालं. भांडायचं सुखसुद्धा दिलं नाही तिनं. त्या दिवसापासून मीही दूध परत ओतायला लागले. भक्तीनं वगैरे नव्हे, ती ओतते आणि मी नाही, हे सहन होईना म्हणून. पुढं सतरा वर्षं शेजारी बसलो, पण मनातली जळजळ काही गेली नाही. तिला ती कधी दिसली असेल असंही मला वाटलं नाही.

मागच्या आठवड्यात तिच्या लेकीला, कृपाला, भेटायला गेले. म्हटलं, आता लपवून काय करू, मी तुझ्या आईवर जन्मभर जळले गं. कृपा म्हणाली, "मावशी, आई रोज सकाळी प्रार्थनेत तुमचं नाव घ्यायची. मला वाटायचं, तुमच्यासाठी काई मागतीय. दवाखान्यात तिनं खरं सांगितलं. म्हनली, 'सिंधूताईपाशी बायका हसत्यात, आन् माझ्यापाशी आल्या की देवळात आल्यागत गप उभ्या राहत्यात. मला तिचा लई हेवा वाटतो. तेवढा माझ्या मनातून काढ, असं रोज मागते.' मी विचारलं, काढला का मग? तर म्हनली, 'न्हाई गं, अजून न्हाई.'"