वाळू संपायच्या आत

स्क्रॅबल खेळताना आमचा एक घरगुती नियम आहे. अनोळखी इंग्रजी शब्द लावला, तर वाळूच्या घड्याळातली वाळू संपायच्या आत त्याचा अर्थ मराठीत सांगायचा. नाहीतर मार्क नाहीत.

काल बाबांनी ‘ओ’ला ‘ई’ जोडून ‘OE’ हा शब्द केला. म्हणजे उत्तरेकडच्या कुठल्याशा बेटांवरची वावटळ. पण पक्षाघातानंतर त्यांना साधं ‘पाणी’सुद्धा चटकन सुचत नाही. ते हवेत बोट गोल गोल फिरवत राहिले. शब्द माणसाला सोडून जात नसावेत, जरा लांब जाऊन बसत असावेत.

एरवी आई एकेका मार्कासाठी भांडते. पण काल वाळू संपत आली, तसं खिडकीबाहेर बघत तिनं घड्याळ हळूच उलटं केलं.

बऱ्याच वेळानं बाबा म्हणाले, “वावटळ.”

“वेळेत सांगितलंत, म्हणून मार्क देतेय हं,” आई म्हणाली.