पुढे गेला असेल

मधुकर कुठेही गेला की आधी जागा धरायचा. पामर्स्टन नॉर्थच्या आमच्या मंडळाचा गणपती असो नाहीतर कुणाच्या मुलीचं ग्रॅज्युएशन, हा सगळ्यांच्या आधी हजर. खुर्च्यांवर रुमाल, चष्म्याचं घर, बायकोची पर्स असं काहीबाही ठेवून पहारा देत बसलेला. निम्मा हॉल रिकामा असला तरीसुद्धा. मला त्याचा राग यायचा, आणि बसायची वेळ आली की मी मुकाट्याने त्याने धरलेल्या खुर्चीवरच बसायचे.

वासंती त्याची बायको, फार्मसिस्ट. मी हॉस्पिटलात नर्स. ती दहा वाक्यांत एक बोलणार, उरलेली नऊ माझी, म्हणून आमचं जमलं.

दरवर्षी फेब्रुवारीत, वाइटांगीच्या राष्ट्रीय सुट्टीत आम्ही काहीजण फेरीबोटीने साउथ आयलंडला जातो आणि दिवसभराची एक लांब वाट चालतो. आधी दोन तळी, मग खिंडीचा चढ, पलीकडे तिसरं तळं, आणि शेवटी संपता न संपणारी दरी. गाड्या आदल्या दिवशीच दरीच्या टोकाला लावून ठेवायच्या, म्हणजे परत फिरायला नको. डबे तिसऱ्या तळ्यावर उघडायचे. तिथे वारा न लागणारी एकच जागा आहे. ती कोण धरणार हे कुणी विचारतच नसे. निळी चादर मधुकरच्या सॅकमध्येच असायची.

त्या वर्षी चढावर वारा नुसता झोडपत होता. माना खाली घालून जो तो आपापला चालत राहिला. खिंडीपलीकडे उतरल्यावर सुशांतने विचारलं, "मधुकरकाका कुठंयत?" सुशांत आमच्यातला सगळ्यात तरुण, आयटीवाला. वासंती म्हणाली, "पुढे गेला असेल जागा धरायला."

कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. तळ्यावर चादर दिसली नाही, तेव्हाही आम्ही म्हटलं, याहून बरी जागा शोधायला गेला असेल. हसलोसुद्धा. संध्याकाळी गाड्यांपाशी तो नव्हता, तेव्हा पायाखालची जमीन सरकली. दुसऱ्या दिवशी शोधपथकाला तो खिंडीच्या अलीकडे सापडला. चढावरच्या एका खडकाला टेकून बसलेला. हार्ट. चादर सॅकमध्ये, घडीसुद्धा न मोडलेली.

तेव्हापासून वासंती सगळ्यांच्या शेवटी चालते. कुणी बुटाची नाडी बांधायला थांबलं की ही थांबते. कुणी झुडपाआड गेलं की ही पाठ करून उभी. एकदा सुशांतची बायको सलोनी म्हणाली, "काकू, तुम्ही व्हा पुढे, आय ॲम गुड." वासंतीने नुसतं बघितलं, पोरगी निमूट पुढे झाली. आम्ही तिला तेवढं करू देत होतो. दुसरं काय देणार होतो आम्ही तिला?

यंदा तिचे गुडघे पार गेले. डॉक्टरने चढ-उतार बंद सांगितले. लेक श्रिया फोनवर "मम, यू डोन्ट हॅव टू" म्हणून थकली. बाई ऐकेल तर शपथ. "एवढं एकदाच," म्हणाली, "आणि शेवटी मीच चालणार." मी चिडले, भांडले, आणि मनाशी ठरवलं की या वेळी हिला नजरेआड होऊ द्यायचं नाही.

दुसरं तळं मागे पडलं तोवर बाकीचे खिंड ओलांडून दिसेनासे झाले होते. वासंती चार पावलं टाकायची, थांबायची. त्या खडकापाशी आली आणि बसलीच.

"सुरेखा, तू पुढे हो."

"नाही होणार."

"माझ्यामागे कुणी राहायला नको."

"मी तुझ्या शेजारी आहे. मागे नाही."

तिने सॅक उघडली आणि निळी चादर बाहेर काढली. इतकी वर्षं वासंती ती बरोबर वागवत होती, मला पत्ता नव्हता. "घे," म्हणाली, "पुढे जाऊन जागा धर. मी येते सावकाश."

माझं डोकंच फिरलं. चादर तिच्या हातातून ओढून घेतली आणि तिथेच वाटेवर, खडकापुढे अंथरली. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. "धरली जागा," म्हटलं. "बस आता."

ती खडकावरून उतरून चादरीवर बसली आणि रडायला लागली. त्याला पोचवतानाही ती रडली नव्हती. मग म्हणाली, "त्याने हाक मारली असेल का गं?"

पेशंट गेला की नातेवाइकांना काय सांगायचं ते मला तोंडपाठ आहे. काही कळलंसुद्धा नसेल, एका क्षणात संपतं सगळं. त्यातलं एकही वाक्य मी वापरलं नाही. "वारा फार होता," एवढंच म्हणाले.

"मीच म्हटलं ना, पुढे गेला असेल म्हणून."

मी तिचा हात धरून बसले. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती.

तेवढ्यात वर खिंडीत माणसं दिसली. पुढे सुशांत, मागे सलोनी, त्यामागे बाकीचे. चढून गेलेली वाट ते परत उतरत होते. सुशांत धापा टाकत पोचला. "तुम्ही दोघी दिसेनात," म्हणाला, "म्हणून आलो मागे."

वासंतीने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. सगळ्यात शेवटी माझ्या.

"मागे फिरता येतं की," ती म्हणाली.

सुशांत तिच्यासमोर खालीच बसला.