मुडदे उठवणारी मी होणार नाय

सगळ्यात आधी आली ती लीलाबाय, माझी नणंद, वाशिंदहून.
पानावर बसायला नाय. माझा मोबाईल बघायला.

दारातूनच बोलली, "वयनी, खरं का गो, तू अजून खेळतेस? ते पण एकटी?"

मी बोलले, "आधी पाय धू."

आज माझ्या मोठ्या जावेचं, मंजुळाबायचं वर्षश्राद्ध होतं. म्हणून ही पोस्ट. शीतल, माझी नात, बोलते आजी छोटी लिही, लांब पोस्ट कोण वाचत नाय. ज्याला वाचायची नाय त्यानं उठून पाणी भरावं.

आमी दोघी जावा. नवरे गेले, पोरं वाशिंदला कंपनीत लागली, दोघी गावातच राहिलो. इथून सिद्धगड समोर दिसतो, तो सोडून फ्लॅटमधून काय बघायचं, दुसऱ्याची गॅलरी?

चूल एक होती. भांडण रोजचं होतं.

शीतलनं दोघींना एकेक जुना मोबाईल दिला, त्यात हा गेम. कुठली कुठली माणसं ऑनलाइन जमतात नि मिळून राक्षस मारतात. पण आधी ठरवावं लागतं आपण कोण. तलवारवाली, बाणवाली, मंतरवाली. क्लास बोलतात त्याला.

आमी मुलगा बघायला बसल्यासारखा एकेक क्लास बघितला. अंगात जोर हाय का. मार सोसतो का. का नुसता कपड्याचा रुबाब.

मंतरवाल्याला बघून मंजुळाबाय बोलली, "नको गो. एका फटक्यात आडवा. असल्याला पोरगी देत नाय आमी."

शेवटी मी झाले ढालवाली. पुढं उभं राहायचं नि मार खायचा.
ती झाली वैदीण. माझ्या मागं उभी राहून मला बरी करायची.

"खा गो मार निवांत. मी हाय."

असं बोलायची. दुपारी पडवीत बसून, तोंडात पान.

मागच्या साली तिला ताप भरला. दवाखान्यात नेली.
परत आणली ती तशीच.

तेरावं झाल्यावर मी गेम उघडला. माझी ढालवाली उभी. मागं कोण नाय.
पहिलंच रानडुक्कर आलं नि मी मेले. परत गेले. परत मेले.

ढालवाली म्हंजे भाताची लावणी. एकटीचं काम नाय ते. आज तुमी माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या, तेव्हा होते लावणी. वरकसावरची, डोंगराच्या उतारावरची नाचणी वेगळी. एकटी बाई सकाळी जाते, सावकाश लावते, घरी येते. कोणाची वाट बघत नाय.

गेममधल्या आमच्या टोळीतली पोरं चांगली. बोलली, "आजी, आमच्यातली एक हीलर तुला देतो." हीलर म्हंजे वैदीण.
दत्ता, माझा पोरगा, बोलला, "आये, वर्षश्राद्ध झालं की वाशिंदला चल. एकटीनं राहायचं नाय."

दोघांचं बोलणं एक. दोघांना उत्तर एक. नाय.

पोरांना बोलले, दुसरी हीलर नको. एकटीला निभावेल असा क्लास सांगा, मी पहिल्यापासून सुरू करते.

सगळी एका सुरात बोलली, "आजी, मग मुडदे उठवणारी हो. बेस्ट सोलो क्लास. मेलेले उठतात नि तुझ्यासाठी लढतात. तुला फक्त मागं उभं राहायचं."

मी बोलले, माझी जाऊ जन्मभर राबली. खाचरात राबली, चुलीपुढं राबली, गेममधी पण मलाच बरं करत राबली. आता पडली हाय तर पडू दे. मेलेल्यांना कामाला लावणारी मी नाय.



मी वैदीण घेतली.

पोरं बोलली, आजी, एकटी वैदीण लय स्लो असते. एक डुक्कर मारायला अर्धी दुपार जाईल.
जाऊ दे. मला कुठली गाडी पकडायचीय?
जरा मारायचं, जरा आपल्याला पाला लावायचा, परत मारायचं. डुक्कर थकतं. मी नाय थकत.

आज जेवणं झाल्यावर दत्तानं काढलंच. "आये, वर्ष झालं. सामान बांधू?"
लीलाबाय पण त्याच्याच बाजूनं. "या वयात एकटं राहतात का गो वयनी?"

मी मोबाईल दोघांच्या पुढं धरला. एकटी गेले अस्वलाच्या गुहेत. सुनांची भांडी घासून झाली, ओटा पुसून झाला, मी नि अस्वल चालूच.
पडलं शेवटी.

दत्ता बोलला, "गेम हाय तो आये. इथं तू मेलीस तर?"

"तर तुमी या. त्याला चौघं लागतात, ते मला एकटीला जमायचं नाय. बाकी सगळं जमतं."

हसला. हसायचं नव्हतं त्याला, पण हसला. सामान काय बांधलं नाय.

लीलाबायनं मोबाईल आपल्याकडं ओढला. मग हळूच बोलली, "वयनी, सगळी कामाला जातात. दिवसभर मी नि बंद दार. मला कुठला क्लास जमंल गो?"

मी बोलले, "तू ढालवाली हो. तुझ्या तोंडापुढं कोण टिकतंय?"

मंजुळाबाय, तुझ्या पानाला कावळा लगेच शिवला. भजी होती, थांबतोय कशाला.
तुला मी उठवणार नाय गो. माझं मी बघते. तू पड निवांत.

लीलाबाय नि दत्ता परत यायचेत. ती खेळायला, तो मला न्यायला टेम्पो घेऊन. टेम्पोत दुधीभोपळे भरून देईन, मी बसणार नाय.
रविवारी येतो बोललेत.