तिची गाडी बंद का पडायची

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, मुलीपाशी नाही. देवासमोर हात जोडतो तेव्हाही नेमका एवढाच भाग गाळतो. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीचे असता तर मी तुम्हाला चहा पाजला असता आणि जाताना तुम्ही म्हणाला असता, किती सज्जन माणूस! सगळे तेच म्हणतात. मूर्ख लेकाचे.

आता आम्ही गोंदियाला, कुडव्यात राहतो. तेव्हा सालेकशाला राहायचो. मी धानाच्या गोदामावर व्यवस्थापक. ट्रक कधी लागणार, पोत्यांची थप्पी कुठे रचायची — सगळं मला विचारून. न विचारता काही झालं की मी ते पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचो. घरीही तेच. भाजी कोणती, पाहुणे कधी, पंखा कितीवर. याला मी जबाबदारी म्हणायचो. छान शब्द आहे, नाही? त्याच्याखाली काहीही झाकता येतं.

वनिताला — माझ्या बायकोला — दरेकशाच्या पलीकडे एका आरोग्य उपकेंद्रात नर्सची नोकरी लागली. रस्ता जंगलाचा, चढाचा. रेल्वे आहे, पण तिच्या वेळेला गाडी नाही. तिने जुनी स्कूटर घेतली, बघता बघता शिकली आणि जाऊ लागली.

मी म्हणालो, पोचली की फोन कर, निघाली की फोन कर. सुरुवातीला तिने केला. मग विसरू लागली. संध्याकाळी केसांत लाल धूळ घेऊन यायची, हसत, आणि सांगत सुटायची — कुठल्या टोल्यावरची, म्हणजे लहानशा वस्तीवरची, बाई सुई टोचताना कशा शिव्या देते, कुणी तिला ओंजळभर मोहफुलं कशी बांधून दिली. मी ऐकायचो. त्या सगळ्यात मी कुठे होतो? कुठेच नाही.

लोकांना सांगायचो, जंगल आहे, अस्वलं आहेत, बाईमाणूस एकटी जाते, जीव टांगणीला लागतो. कसलं अस्वल! ती मला न विचारता खुश होती, हे मला सहन होत नव्हतं. बस्स.

मी रोज सकाळी तिची गाडी पुसायचो. शेजारच्या बाया आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या — पाहा, बायकोची गाडी पुसून रायला तो, शिका काही. आणि मी फडकं हातात घेऊन खाली मान घालून हसायचो. आणि — थांबा, सांगतो. सांगतोच.

पुसता पुसता मी बाजूचं लहान झाकण काढायचो आणि प्लगवरची रबरी टोपी सैल करून ठेवायचो. पूर्ण काढायची नाही. अर्धवट. मग गाडी सुरू व्हायची, चालायची, आणि पुढे जंगलातल्या खड्ड्यांत कुठेतरी टोपी निसटून बंद पडायची. रोज नाही करायचो. रोज केलं असतं तर मिस्त्रीने पकडलं असतं. एवढी अक्कल होती मला.

मग ती गाडी ढकलत, जिथे रेंज मिळेल तिथवर चालत जायची. फोन यायचा. "अवो, बंद पडली जी. काऊन अशी करून रायली, मले तं समजतच नाई."

या फोनसाठी मी हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेला असायचो. कळतंय का तुम्हाला? हेल्मेट मांडीवर! जायचो, तिला बाजूला उभी करायचो, पाठमोरा वाकून टोपी दाबायचो, आणि एक किक. गाडी सुरू. ती बघतच राहायची. मी हसून म्हणायचो, "तुझ्या हाताले मशीन मानत नाई." किती प्रेमाने म्हणायचो! आणि तिने ते मानलं. माणूस आपल्या माणसाचं मानतोच. त्यात तिचा काय मूर्खपणा?

पावसाळ्याच्या शेवटी एकदा अशीच गाडी बंद पडली. मी नेहमीपेक्षा जरा उशिराच निघालो — थोडी घाबरू दे, म्हटलं. तेवढ्या वेळात एक अडलेली बाई उपकेंद्रावर आली होती. दाराला कुलूप. घरच्यांनी वाट पाहिली, मग तिला ऑटोत घालून सालेकशाकडे निघाले. रस्त्यातच, पळसाच्या झाडाखाली, ती बाळंत झाली. दोघंही जगली. यात माझं काही पुण्य नाही.

दुसऱ्या दिवशी त्या बाईचा सासरा उपकेंद्रावर आला आणि वनिताला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलला. ती खाली मान घालून ऐकत राहिली. मी तिथेच होतो, तिला सोडायला गेलो होतो. मी काय केलं? त्या म्हाताऱ्याला शांत केलं. "जाऊ द्या बाबाजी, बाईमाणूस आहे, गाडीचं तिले जमत नाई." माझ्या समजूतदारपणाचं तिथेही कौतुक झालं.

महिनाभरात तिने नोकरी सोडली. स्कूटर विकली. मी एकदाही म्हणालो नाही की सोड. म्हणायची गरजच ठेवली नव्हती.

तेव्हापासून ती घरात आहे. नवा मिक्सर आणला तर पहिल्यांदा मीच लावायचा. गॅसचा रेग्युलेटर मी. मोबाइलमधलं काहीही मी. "तुमीच पाहा जी, माझ्या हाताले नाई मानत." मला हवं होतं ते सगळं माझ्या मुठीत आलं. आणि काय आलं? एक घाबरलेली बाई. हीच माझी कमाई.

गेल्या हिवाळ्यात आमच्या केतकीने, मुलीने, नवी स्कूटर घेतली. आईला म्हणाली, चल, तुला दरेकशाला नेते, तुझं उपकेंद्र दाखव. निघायच्या सकाळी मी गाडी पुसायला गेलो. या वयात! हात आपोआप बाजूला गेला. पण नव्या गाडीचं ते झाकण पान्याशिवाय उघडत नाही, आणि पाना गाडीच्या डिकीत, किल्ली केतकीजवळ. म्हणून वाचल्या त्या. मी सुधारलो म्हणून नव्हे.

त्या गेल्या. मी दिवसभर बाजेवर बसून होतो. करण्यासारखं काहीच नव्हतं. फोन आला नाही. लोक म्हणतात, सोडून द्यावं, भरवसा ठेवावा. ज्याने दुसऱ्याचा भरवसा असा कुरतडून खाल्ला, त्याने कशावर ठेवायचा?

संध्याकाळी गाडी फाटकात आली. पुढे वनिता बसली होती. मागे केतकी. उतरली तेव्हा वनिता हसत होती, केसांत तीच लाल धूळ.

"आमगावपासून मीच चालवत आली," ती म्हणाली. मग माझ्याजवळ येऊन, केतकीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात — "तेव्हा मीच भेली जी. गाडीत काई खराबी नसंल. तुमाले उगाच किती धावाडलं."

मी तिच्याकडे पाहिलं. सांगायला तेवढा एक क्षण होता, आणि तो मला नीट दिसत होता.

मी म्हणालो, "हो."